शिंपीणबाईंची बॅटरी

मोजणीवाल्या बाईंच्या हाती एकच दिवस उरला होता. उद्या सकाळी खोदाईचं यंत्र येणार आणि टेकडीपलीकडच्या वस्तीला पाणी नेणाऱ्या नळाची रेघ अजून अर्धीच आखलेली. पंप नव्हता, पाणी उतारानं आपसूक जायचं होतं. उंची चार बोटं चुकली तरी मध्येच अडून बसलं असतं.

उपग्रहांवरून जागा कळते, पण थोडी चूक राहतेच. ती काढायला पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर ठेवलेलं यंत्र दर सेकंदाला रेडिओवरून दुरुस्ती पाठवायचं आणि बाईंच्या काठीवरचं यंत्र ती ऐकायचं. टेकडी ओलांडली की ऐकू येणं बंद. मोबाइलला तर तिथे रेंजच नव्हती. दोन दिवस बाई नुसत्या हात चोळत बसल्या होत्या.

टाकीही दिसेल आणि वस्तीही, अशी जागा एकच होती. खिंडीतल्या शिंपीणबाईंची गच्ची.

"मावशी, आजचा दिवस हा रेडिओ वर ठेवू? इकडचं ऐकतो आणि तिकडे सांगतो, एवढंच त्याचं काम."

"म्हणजे आमच्या शेजारणीसारखाच," मावशी म्हणाल्या. "ठेवा की."

बाईंनी सोबत आणलेल्या बॅटरीची लाल वायर लालला जोडली, काळी काळीला. "हा हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर माझं काम चालू," असं सहज बोलून त्या उतरणीला लागल्या.

काम झपाझप निघालं. भर दुपारी मात्र पडद्यावरचे आकडे भरकटले. जुनी बॅटरी, दुसरं काय? नवी आणायची तर दिवस गेलाच. पाय ओढत त्या चढण चढू लागल्या, तोच काठीवरचं यंत्र टिंगकन वाजलं. आकडे स्थिर. नशीब, म्हणून त्या माघारी वळल्या आणि ऊन कलायच्या आत शेवटची खुंटी ठोकली.

वर आल्या तर मावशी उंबऱ्याशी बसून शिलाई मशीनचं चाक हातानं फिरवत होत्या. शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग. वीज सकाळपासून गेलेली, आणि मशीनच्या मोटरला वीज देणारी घरातली जडशीळ बॅटरी गच्चीवर, रेडिओला जोडलेली.

"अहो मावशी, तुमची बॅटरी वर नेली कुणी?"

"मी आणि शेजारणीनं. दिवा विझला, म्हटलं बाई उन्हात खोळंबली असेल. लाल लालला लावलं, सकाळी बघितलं होतं."

"आणि तुमचं काम?"

"चालूच आहे की. सावकाश."

"वस्तीत कुणी आहे का तुमचं?"

"कुणी नाही. पण तिथल्या बायका हंडे घेऊन माझ्या दारावरनं जातात. दम लागला की इथे टेकतात. त्यांच्या माना बघवत नाहीत."

बाईंनी सुईदोरा उचलला. "बटणं लावायला येतात मला," एवढंच म्हणाल्या. उजेड होता तोवर दोघी उंबऱ्यातच बसून राहिल्या. मावशींनी दोन बटणं गुपचूप उसवून पुन्हा लावली.

पुढे पाणी कुठेही न अडता वस्तीत पोचलं. अहवालात वापरलेल्या साधनांची यादी असते. तिथे बाईंनी लिहिलं : "शिंपीणबाईंची बॅटरी, त्यांनी न मागता दिलेली." साहेबांनी ती ओळ खोडायला सांगितली. बाईंनी खोडली नाही.