कुठल्याच विषयात न बसणारे घड्याळजी

धाकटीचं आणि तिच्या नणंदेचं, म्हणजे ताईचं, एका बाबतीत अगदी जमायचं: काहीही फेकून द्यायचं म्हटलं की दोघींच्या जिवावर यायचं. त्यातूनच त्यांनी इंटरनेटवर ‘पुरवून वापरा’ नावाचा गट काढला होता. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक नसलं की ती गटावर लोकांशी गप्पा मारत बसायची. ताई ग्रंथालयात. त्यामुळे प्रत्येक चर्चा योग्य विषयाखाली लावायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. स्वयंपाकघर, कपडे, वीज-पाणी, दुरुस्ती असे विषय होते, आणि एक ‘इतर’. या ‘इतर’ची पार अडगळीची खोली झाली होती.

ताई दर रविवारी भावाकडे जेवायला यायची. त्या रविवारी ताटं उचलल्या उचलल्या तिनं टेबलावर लॅपटॉप मांडला आणि ‘इतर’ आवरायला घेतलं.

“हे निवृत्त घड्याळजी बघ, काय काय विचारत असतात!” ती म्हणाली. “‘पाव संपायच्या आत बुरशी येते, अर्धा पाव कुणी देतं का?’ हे गेलं स्वयंपाकघरात. ‘बायकोचे कोट आहेत, कापून काही शिवावं की देऊन टाकावेत?’ कपडे. ‘पलंग दोघांचा आहे, विकून लहान घ्यावा का?’ हे दुरुस्तीत टाकते.”

“पलंग मोडलाय कुठे?” धाकटी म्हणाली.

“मग कुठे टाकू? तुझ्या डोक्यावर?”

भांडी पुसता पुसता भाऊ खुदकन हसला.

ताईनं घड्याळजींचे सगळे प्रश्न जागच्या जागी लावले, आणि प्रत्येकाखाली शिस्तीत लिहिलं, ‘कृपया विषय पाहून लिहावे.’ लोकांनी भराभर उपाय सांगितले. पाव कापून फ्रीजरमध्ये ठेवा. कोटांच्या उशा शिवा. पलंगाचं लाकूड चांगलं असेल तर टेबल होईल. घड्याळजींनी सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी लिहिलं, ‘माझे प्रश्न नेहमी चुकीच्या जागी पडतात. तसदीबद्दल क्षमा असावी. यापुढे नुसतं वाचत जाईन.’

हे वाचून धाकटीचं डोकंच फिरलं. तिनं दुकानातूनच फोन लावला.

“ताई, तुम्ही त्या माणसाला घालवून दिलंत!”

“मी? मी फक्त जागेवर ठेवलं.”

“अहो, त्यांना पावाचं काही पडलेलं नाहीये. बायको गेलीये त्यांची. कुणाशी तरी बोलायचं होतं त्यांना.”

“मग तसं लिहायचं ना स्पष्ट,” ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी ताई आली नाही. ‘कामं आहेत’ एवढाच निरोप. दोघींच्या मध्ये भावाचं मरण. “मी बोलू का तिच्याशी?” तो विचारायचा. “नको,” धाकटी म्हणायची, आणि थोड्या वेळानं, “बोललात का?”

एके दुपारी डबा खाता खाता धाकटीनं गट उघडला. घड्याळजींच्या पावाच्या प्रश्नाखाली ताईनं भलंमोठं उत्तर लिहिलेलं होतं. ताई, जी एरवी दोन ओळींच्या वर लिहीत नसे.

‘मीही एकटी राहते,’ तिनं लिहिलं होतं. ‘बरीच वर्षं. अर्धा कोबी मिळतो, अर्धा पाव मिळत नाही, हे खरं आहे. सुरुवातीला मी गॅसपाशी उभी राहून पातेल्यातूनच जेवायचे. एक ताट घासायचं वाचतं, असं स्वतःला सांगायचे. ती काटकसर नव्हती. आता ताट घेते, बसते. रविवारी माझी भावजय उरलेलं बांधून देते, ते मी पुरवून पुरवून खाते. संपलं की घर फार गप्प होतं. तुमच्या प्रश्नाला जागा नव्हती, ती चूक आमची. कोटांचं काय करावं ते मला सांगता येणार नाही. घाई करू नका.’

धाकटीनं हातातला घास खाली ठेवला. इतकी वर्षं ती डबा बांधून देत होती, आणि ताई दरवेळी म्हणायची, ‘कशाला उगीच?’ तिनं फोन केला.

“ताई, वाचलं मी.”

“हं. शुद्धलेखन तपासलंस?”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कुठल्या विषयाखाली बोलणार होते?” ताई म्हणाली, आणि मग दोघीही हसल्या. धाकटीनं नाक ओढलं ते ताईनं ऐकलं असावं. “दुकानात रडू नकोस. गिऱ्हाइकं पळतील.”

त्याच संध्याकाळी त्यांनी नवा विषय उघडला. नावावरून पुन्हा जुंपली. धाकटीला ‘आपण एकटे नाही’ हवं होतं. ताई म्हणाली, “आहोत की. खोटं कशाला?” शेवटी ‘एका माणसाचं घर’ ठरलं.

तिथे लोक असे आले की जणू दाराबाहेरच उभे होते. रात्रपाळीच्या नर्सनं लिहिलं. नुकताच घटस्फोट झालेल्या एका ड्रायव्हरनं लिहिलं. काही दिवसांनी घड्याळजीही आले. नर्स त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहते, असं बोलता बोलता निघालं, आणि आता एक पाव दोघांत जातो. कोट अजून कपाटातच आहेत. त्यांची चौकशी सगळे करतात, सल्ला मात्र कुणी देत नाही.

ताई मधल्याच एका बुधवारी भावाच्या दारात उभी राहिली. भाऊ म्हणाला, “आज कशी काय रस्ता चुकलीस?”

“वार बघून यायचं का आता भावाकडे?” ती म्हणाली आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. “धाकटे, भूक लागलीये गं मला.”