काजळीबाबाची काळी थुंकी

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात अंजनगाव सुर्जीच्या बाजाराबाहेर नुसती झुंबड उडाली होती. काजळीबाबा धुनीत जडी टाकी आणि त्या धुनीवर दमेकरी ओणवे होत, छातीभर धूर घेत, खोकून खोकून थुंकत. आणि थुंकी निघे काळीकुट्ट!

"देखो, रोग निकला!" बाबा गरजे, की लोक लोटांगण घालत.

शाळेतली मास्तरीण माणिकबाई दातओठ खात उभी होती. तिचा थोरला भाऊ जानराव दर बाजाराला इथे येई आणि दर खेपेला त्याचा दम वाढे. काल तर विहिरीवरून येताना तो वाटेतच मटकन बसला होता.

"दादा, हा डांबराचा वास हाय. सडकेवर ओततात, तेच डांबर."

"हिमालयातली जडी हाय ते! किती काळं पडते, तुयाच डोळ्यानं पाहून राहिली ना?"

"काजळी छातीत गेली तर काळंच पडंन. निरोगी माणूस बसव, त्याचंबी पडंन."

बाबानं ते ऐकलं. छाती फुगवून म्हणाला, "हमको कोई रोग नहीं. पाप्याचं काळं, साधूचं पांढरं!"

"मंग बसा न, बावाजी."

बाबा हसला आणि उगाच कमंडलू चाचपू लागला. वारा फिरला की हा आपलं आसन फिरवतो, हे माणिकबाईनं केव्हाच हेरलं होतं. तेवढ्यात जानराव हात जोडून पुढे सरला.

"बसा, बाबा. मायी बहीण एकदाची खोटी पडू द्या."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, निखळ भक्ती होती. लोकही ओरडले, "बसा, बाबा, बसा!"

बसावंच लागलं. श्वास रोखला, पण रोखणार किती? धूर आत गेला, डोळे पांढरे झाले, खोकल्याची उबळ आली आणि भगव्या छाटीवर काळा गोळा पडला.

जानराव धापा टाकत म्हणाला, "बाबा, तुमाले कोनता रोग हाय?"

माणिकबाईनं बाबाची झोळी उलटी केली. जडी कुठली? कापराबरोबर बांधलेले डांबराचे खडे! लोक ते हुंगून पाहत होते तोवर बाबा चंबूगबाळं सोडून पसार झाला.

डांबर चोपडून चोपडून सशांच्या कानांवर कॅन्सरच्या गाठी उठतात, हे शास्त्रज्ञांनी त्याच्या कितीतरी आधीच दाखवलं होतं. पुढे कारणही उलगडलं. या धुरातली विषं पेशीत शिरली की तिथे प्राणवायूचेच अनावर, दाहक कण तयार होतात. लोखंड गंजावं तशी पेशी आतून खराब होत जाते. म्हणजे त्या धुनीवर रोग बाहेर पडत नव्हता, आत शिरत होता.

जानरावाची थुंकी काही दिवसांत स्वच्छ झाली. दम मात्र पुरता कधीच गेला नाही. भक्तीची किंमत त्याच्या फुप्फुसांनी मोजली.

तेव्हा कोणी असा चमत्कार दाखवला, तर पायांवर डोकं ठेवण्याआधी त्यालाच धुरात बसवा. आणि काय निघतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.