सोबतीचा माणूस

माझा लेक विश्वंभर सतरा वर्षं फौजेत राहून कुरुंद्याला परत आला. माझ्याशी त्याचं बोलणं ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढंच. तांड्यावरच्या वसरामजवळ मात्र बांधावर तासन्‌तास बसायचा. वसरामही जुना फौजी. लांबून दोघांचे हातवारे दिसायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

हिंगोलीच्या दवाखान्यात त्याला नेलं तेही वसरामनंच. मनाचा इलाज करणाऱ्या करुणा मॅडम म्हणाल्या, दर तारखेला सोबत जवळचं माणूस आणा. विश्वंभरनं वसरामचं नाव लिहून दिलं. बाप घरात जिवंत असताना!

दवाखान्याच्या तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी मी तांडा गाठला.

“वसराम, उद्याची तारीख पुढं गेली.”

“मला न्हाई बोलला विशू.”

“समदं तुलाच सांगतो का तो?”

वसराम हसला. “काका, सवतीवाणी काहून बोलून राहिले?”

दुसऱ्या दिवशी विश्वंभरला सांगितलं, वसरामला काम निघालंय, मीच येतो. एसटीत त्याच्या शेजारी बसलो तेव्हा बाजी मारल्यासारखं वाटलं.

मॅडमनी मलाच विचारलं, “झोपेत अजून ओरडतात का?”

“न्हाई. गोठ्यात ढोरांजवळ झोपतो, निवांत.”

“आणि हळद पॉलिश करायचा ड्रम सुरू झाला की?”

“कामाचा कंटाळा त्याला. पळून जातो. मी शिव्या घालतो.”

विश्वंभर खाली बघत राहिला. मॅडमनी वसरामला फोन लावला आणि तेच विचारलं. त्याचा आवाज खोलीभर झाला.

“ड्रमचा खडखडाट त्याला गोळीबारावाणी वाटतो, मॅडम. मग माझ्याकडं येतो. गोठ्यात झोपतो, कारण घरात ओरडला तर त्याचं लेकरू भिईल. पण काका तर तारीख पुढं गेली म्हनले?”

विश्वंभरनं माझ्याकडं पाहिलं. मला लाज वाटली. त्याहून जास्त हे लागलं, की एवढं सगळं त्यानं वसरामला सांगितलं.

बाहेर बाकड्यावर त्यानं विचारलं, “आबा, खोटं काहून बोलले?”

“मला तुझ्यासोबत यायचं होतं.”

त्यानं दवाखान्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, “पुढल्या बारीला वसराम येईल.”

“बरं.”

“तुमीबी चला. पन तिथं बोलू नका. नुसतं ऐका.”

मी मान हलवली. एसटीत त्याच्या शेजारी कोण बसणार, हे मात्र विचारायचं राहिलं.