बोडीचा हिशोब

“मशीन नाही म्हणते काका.”

वच्छलाने ‘बोडी’ची चार इंग्रजी अक्षरं दुसऱ्यांदा टाइप केली होती आणि मशीनने दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलं होतं: हुकूम चुकीचा, किंवा नाव चुकीचं.

डोमाजी खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. आसगावच्या बोडीचे, म्हणजे गावतळ्याचे, ते पाणकर. धानाच्या कुठल्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते ठरवणारे. त्यांचा मुलगा ताराचंद भंडाऱ्याच्या या पाणीपट्टीच्या कचेरीत कॉम्प्युटर चालवायचा. गेल्या दिवाळीत तो काविळीने गेला. त्याच्या खुर्चीवर आता वच्छला होती, यंदाच बी.एस्सी. झालेली. आज नागपूरचा इंजिनियर येऊन डिस्क पुसणार आणि सगळं नव्याने भरणार, असं ऐकून डोमाजी पहिल्याच एस्टीने निघाले होते.

“त्यानं मले सांगतलं होतं बाई. बाबा, मशीनले बोडीचं पानी सांगतलं का ते सांगते, किती बांध्या भिजतीन.”

पलीकडच्या टेबलावरून बडेबाबू भैयाजी हसले. “अरे डोमाजी, पोट्ट्यानं बापाले खुश कराले फेकलं असन! आमी नाही का फेकत होतो, मॅट्रिकले पास झालो म्हनून?”

डोमाजींनी टोपी उचलली. “माझा पोरगा खोटं बोलत नोहता,” ते म्हणाले, पण जमिनीकडे पाहून. मग उठले.

“थांबा ना काका. त्यानं तो हिशोब कुठं ठेवला, काही बोलला होता का?”

“सायबानं दटावलं म्हने. घरचे धंदे हापिसच्या मशीनवर कायले करतं? मंग म्या बाजूले ठेवलं बाबा, म्हने. पुसलं नाही.”

भैयाजींनी पानाचा डबा उघडला आणि पान न घेताच मिटला.

वच्छलाला आपली चूक तेव्हा दिसली. नुसतं नाव टाइप केलं की मशीन समोरच्या कप्प्यात पाहतं, मग नेमून दिलेल्या दोन-तीन कप्प्यांत. तिथे नसलं की नाही म्हणून मोकळं होतं. बाकीच्या डिस्कमध्ये ते डोकावतही नाही. त्या उत्तराचा अर्थ ‘इथे नाही’ एवढाच होता. तिने तो ‘नाहीच’ असा घेतला होता, आणि एका बापाला सांगूनही टाकला होता.

डिस्कवरची एकूण एक फाइल तिच्या कप्प्यासकट दाखवणारा हुकूम तिने दिला. ओळी सरसर वर सरकू लागल्या. पगार. पाऊस. पगार. कालवे. बाहेर जीप थांबली, आणि इंजिनियर बॅग घेऊन दारात आला.

“चलो मॅडम, खाली करो.”

“बसा ना सर, थोडं राहिलं.”

“अरे, मुझे गोंदिया भी जाना है.”

“बसा म्हनते ना ते पोरगी,” भैयाजी एकदम म्हणाले. “च्या घ्या. ए, सायबाले च्या सांग रे कोनी!”

टाकाऊ फायलींचा एक कप्पा होता. त्याच्या आत आणखी एक कप्पा, आणि त्यात ती चार अक्षरं.

“सापडला काका! फ्लॉपीवर उतरवून देऊ?”

“घरी नेऊन काय करू बाई? एक बार चालवून दाव.”

या वेळी तिने नुसतं नाव लिहिलं नाही. डिस्कपासून सुरुवात करून कप्प्यामागून कप्पा, सगळा पत्ता लिहिला आणि बटण दाबलं. पडदा कोरा झाला. मग वर एकच ओळ उमटली. अक्षरं इंग्रजी होती, भाषा आसगावची.

“काय म्हनते?” डोमाजींनी विचारलं. त्यांना ती अक्षरं येत नव्हती.

वच्छलाने वाचलं. “बाबा, पानी किती हाय?”

डोमाजींनी पुन्हा खुर्चीत बसून टोपी मांडीवर ठेवली. ते पडद्याकडे वळून, हळू बोलले.

“साडेचार फूट हाय रे बेटा. उतरून राहिलं.”

वच्छलाने साडेचारचा आकडा टाइप केला. बाकीचं लिहायला तिथे जागा नव्हती.