बैलाचं चालेल

गाठी सहा होत्या. डाव्या गालाच्या हाडावर दोन, उजव्या गालावर एक, ओठांच्या कोपऱ्यांपाशी एकेक आणि हनुवटीवर हरभऱ्याएवढी एक. डॉक्टर रुचीने कॅलिपरचा मोजायचा चिमटा लावून सर्वांत मोठी, डाव्या गालावरची मोजली. चौदा मिलिमीटर. कपाळ मात्र बोटॉक्समुळे इतकं गुळगुळीत होतं, की चंदनबाई घाबरल्या आहेत हे फक्त त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

जळगावात कुणाला कळू नये म्हणून त्या नवरा कांतीलाल आणि थोरली सून हर्षिता यांच्याबरोबर धुळ्याला आल्या होत्या. धाकट्या मुलाचं, रोनकचं लग्न आठ दिवसांवर, चाळीसगावात. त्यासाठी एका पार्लरमध्ये जेल टोचून चेहरा भरून घेतला आणि त्या जेलच्या गाठी झाल्या.

रुचीने मास्क खाली केला. चंदनबाईंनी तिला ओळखलं.

थोरल्या मुलासाठी, श्रेयांससाठी त्या बोदवडला रुचीला पाहायला आल्या होत्या, तेव्हा रुची मेडिकलला औषधशास्त्र शिकत होती. सगळ्यांच्या देखत त्यांनी पर्समधली कॅप्सूल दाखवून विचारलं, हिचं कवच कशाचं असतं. रुचीने खरं सांगितलं: जनावरांच्या हाडांचं. लग्नाची बोलणी तिथेच मोडली, आणि आठवड्याभरात हाडं खाऊ घालणारी पोरगी म्हणून जैन समाजात तिची ओळख झाली. पुढची दोन स्थळं दारातूनच परतली. आईने प्रवचनाला जैन स्थानकात जाणं सोडलं. श्रेयांसने पुढे हर्षिताशी लग्न केलं, ती आता समोरच्या खुर्चीत बसली होती.

चंदनबाईंनी हळू आवाजात सुचवलं, की कांतीलालांनी आणि हर्षिताने थोडा वेळ बाहेर बसावं.

"बसू देत, काकीजी," रुची म्हणाली. "औषध कशाचं आहे, हे तुम्ही मलाही दहा माणसांसमोरच विचारलं होतं."

मग तिने समजावून सांगितलं. हे जेल विरघळवणारं एक एन्झाइम असतं. टोचलं की एक-दोन दिवसांत गाठी उतरतात. तिच्याकडच्या कुपीतलं बैलाच्या वृषणातून काढतात.

कांतीलाल छताकडे पाहू लागले. हर्षिताने ओढणी तोंडावर घेतली, हसू लपवायला की मळमळ, ते कळलं नाही.

"दुसरं काही नाही का?" चंदनबाईंनी विचारलं.

होतं. प्रयोगशाळेत बनवलेलं, जनावराचा संबंध नसलेलं, मुंबईच्या विक्रेत्याकडून दोन दिवसांत आलं असतं. फोन टेबलावरच होता, रुचीने तो उचलला नाही. नाहीतर वर्षभरात जेल आपोआपही विरलं असतं.

"लग्नाआधी हेच," रुची म्हणाली.

कांतीलाल हलक्या आवाजात म्हणाले, "चंदन, राहू दे. तोंडावर पदर घे."

"फोटो जन्मभर राहतात," त्या म्हणाल्या. मग रुचीकडे वळून, "टोच, बेटा. नाव नको घेऊस."

बेबाबाई, क्लिनिकची परिचारिका, सुई, औषध सगळं मांडलेला ट्रे घेऊन आली. "बाई, बठ्ठं तयार शे."

रुचीने सुई हातात घेतली नाही. "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय टोचू?"

चंदनबाईंच्या कपाळावर एक आठीही पडली नाही. नजर मात्र खाली गेली.

"बैलाचं," त्या म्हणाल्या. "बैलाचं चालेल."

"हर्षिता, ऐकलंस ना?"

हर्षिताने मान हलवली. रुचीने आधी हाताच्या कातडीत थेंबभर टोचून रिअ‍ॅक्शन येते का ते पाहिलं. वीस मिनिटं काही आलं नाही. मग एकेका गाठीत औषध सोडलं. चंदनबाई डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होत्या. तो मध्येच तुटत होता आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. कांतीलाल दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. घरी जाऊन प्रायश्चित्त म्हणून आयंबिलचा उपास कर, एवढंच त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, एकट्याच. रुचीने कॅलिपर लावला. पाच गाठी हाताला लागल्या नाहीत. सहावी, डाव्या गालावरची, दोन मिलिमीटर भरली. मुंबईचं औषध मागवलं असतं, तर आजच पोचलं असतं.