सनदेतली गाळलेली ओळ

बिशपचा कारकून रेनाल्ड सनद नाकाशी धरून वाचत होता. चारशे वर्षांपूर्वी राजाने हा मठ वसवला, जमीन दिली, त्याची ती सनद. खोटी ठरली तर सगळं रान बिशपच्या घशात आणि आम्ही अकरा जोगिणी रस्त्यावर.

आणि ती माझ्याच हातची होती! जुने राजे नावापुढे क्रूस काढायचे, काम भागायचं. आमचा देश जिंकून बसलेल्या या नॉर्मनांना मात्र मेणाची मोहोर लागते. म्हणून आमच्या प्रमुख, आई लेओफ्रून, यांनी माझ्याकडून नक्कल करून घेतली आणि खाली खोटी मोहोर लटकवली.

"शीव तुमच्या गावठी भाषेत लिहिलीय," रेनाल्ड कुरकुरला. "खरी कशावरून?"

"आमच्या डुकरं राखणाऱ्याला विचारा. त्याला अक्षर येत नाही, पण शीव तोंडपाठ आहे," आई म्हणाल्या.

म्हातारा टुन्स्टन घडाघडा बोलू लागला. काळं काटेझाड, बिज्जूची बिळं, सगळं जुळत गेलं. मला नाचावंसं वाटत होतं.

"तिथून ओढ्याने लांडग्यांच्या खड्ड्यापर्यंत. तिथून ओढ्याने फुटक्या दगडापर्यंत."

"खड्डा? इथे सनदेत खड्डा नाही," रेनाल्ड ओरडला. "थापा मारतोस?"

"धनी, माझ्या आज्याने त्यात पडून पाय मोडून घेतला. थाप कशी असेल?"

माझे कान तापले. दोन्ही ओळी 'तिथून ओढ्याने'पासून सुरू होत होत्या. नक्कल करताना माझी नजर घसरली आणि एक ओळ गळली होती!

"खड्डा खरा आहे!" मी किंचाळले. "ही सनद मी लिहिलीय!"

"एडिवा, तोंड आवर!" आई म्हणाल्या. तोवर मी पळालेसुद्धा. उंदरांनी कुरतडलेली मूळ सनद आणून मी रेनाल्डच्या हातात कोंबली. त्याचं बोट ओळींवरून सरकत थांबलं.

"तिथून ओढ्याने लांडग्यांच्या..."

"खड्ड्यापर्यंत!" टुन्स्टन गरजला. "बोंबलून सांगतोय मघापासून!"

रेनाल्ड चक्क हसला. "तुमच्या नकलेत नसलेली ओळ याला तुम्ही पढवली नसणार. रान तुमचंच."

काय कल्ला झाला! मी टुन्स्टनला, त्याच्या वासासकट, मिठी मारली.

"आणि ही मोहोरवाली?" रेनाल्डने नक्कल उचलली. "जिने लिहिली तिने पुन्हा लेखणीला हात लावायचा नाही."

आईंनी मान खाली घालून होकार दिला. नऊ वर्षांची असल्यापासून मी लिहिण्याखेरीज दुसरं काही शिकलेच नव्हते.

हेही मी नुसतं सांगतेय, लिहितेय सिस्टर गोडा. तिची ती वाकडीतिकडी अक्षरं बघून माझी बोटं शिवशिवतात.