प्रेमिलाबाईची प्रार्थना

सालेकशाच्या प्रार्थनाघरात प्रेमिलाबाई प्रार्थनेला उभी राहिली की बायका पदर सावरून बसत. शब्द तिच्या तोंडून झऱ्यासारखे येत. रडवणारे, धीर देणारे, अगदी जागच्या जागी. पास्टर ईश्वरदास स्वतः म्हणायचे, "आमच्या मंडळीत प्रार्थनेचं दान कोणाला असेल तर ते प्रेमिलाबाईला." त्यामुळे कोणाचं लेकरू तापलं, कोणाची सून रुसून माहेरी गेली, की लोक तिच्या शिलाई मशीनपाशी येऊन उभे राहत. प्रेमिला पायडल थांबवायची, मान हलवायची आणि म्हणायची, "करतो ना प्रार्थना. बिनघोर जा."

दुर्गा तिच्याकडे आली ती मोहफुलांच्या दिवसांत. कचारगडच्या बाजूच्या जंगलातल्या गावची ही बाई. घरात पूर्वीपासून चालत आलेले देव, त्यांचीच पूजा. प्रार्थनाघराची पायरी तिने कधी चढली नव्हती. तिचा नवरा जंगलू पहाटे मोह वेचायला गेला आणि झाडाखाली अस्वलाने त्याला फाडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. त्याला भावाबरोबर पुढे पाठवून दुर्गा कपडे घ्यायला घरी आली होती आणि आता गाडीसाठी स्टेशनवर निघाली होती. वाटेत कोणीतरी तिला प्रेमिलाचं घर दाखवलं.

"बाई, तुमचा देव तुमचं ऐकते म्हनते," दारातच उभी राहून दुर्गा म्हणाली. लुगड्यावर रक्त वाळलेलं. "माह्या मानसासाठी सांगा त्याले."

लग्नसराई होती. मशीनवर नवरीचा ब्लाऊज अर्धवट पडला होता आणि नवरीची आई ओट्यावर बसून होती. प्रेमिलाने दुर्गाच्या हातावर हात ठेवला. "करतो वो. रोज करतो. तू बिनघोर जा."

दुर्गाने तिचे पाय धरले आणि ती गेली. प्रेमिला मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला आणि ब्लाऊजची बाही जोडू लागली.

तिने प्रार्थना केली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मुद्दाम टाळली असंही नाही. एकदा भांडी घासताना तिला त्या वाळलेल्या रक्ताची आठवण झाली, तेव्हा ती मनाशी म्हणाली, संध्याकाळी बसू. संध्याकाळी नवरा कैलाश राइसमिलमधून पाहुणे घेऊन आला. पुढे आठवणही राहिली नाही. "करतो ना प्रार्थना" हे तिच्या तोंडी "या, बसा" सारखं होऊन गेलं होतं.

पावसाळा लागला, धानाच्या रोवण्याचे दिवस आले. एका रविवारी गाणी संपत आली असताना प्रार्थनाघराच्या दारात दुर्गा दिसली. मागे जंगलू. त्याचा एक डोळा गेला होता आणि गाल ओढल्यासारखा वाकडा झाला होता, पण माणूस आपल्या पायांनी चालत आला होता. दुर्गाच्या हातात टोपली होती, वरून पळसाची पानं झाकलेली.

पास्टरांनी तिला पुढे बोलावलं. दुर्गा एवढ्या लोकांसमोर कधी बोलली नव्हती. तिने टोपली खाली ठेवली आणि थेट प्रेमिलाकडे पाहत बोलू लागली.

"डाक्टर म्हने, वाचनार नाही. मले तर तुमच्यासारखं बोलता येत नाही. तुमच्या देवाले मी कोन? त्यानं माहं कायले ऐकावं? मंग मी रोज दवाखान्याच्या जिन्यावर बसो अन् येवढंच म्हनो, का बाबा, सालेकशात प्रेमिलाबाई तुह्यासंग बोलून राहिली. तिचं ऐक. माहं नोको ऐकू, तिचं ऐक."

मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी "हालेलूया" म्हटलं, मग सगळ्यांनीच. ढोलकवाल्याने थाप दिली. प्रेमिलाच्या कानात मात्र नुसता घूं असा आवाज भरला.

"प्रेमिलाबाई, दोन शब्द बोला," पास्टर म्हणाले.

ती उठली. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही तिने. आणि सवयीने जे आलं ते आलं. "माझं काहीच नाही. सगळा महिमा प्रभूचा."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्याच्यासारखं खोटं ती जन्मात बोलली नव्हती. "बघा, किती नम्र आहे बाई," असं मागून कोणीतरी कुजबुजलं तेव्हा तिला जमिनीत जावंसं वाटलं.

टोपलीत सात्या होत्या. पावसाळ्यात जंगलात वारुळांवर उगवतात त्या अळंब्या. बाजारात त्या मटणाच्या भावाने जातात, आणि दुर्गाने भल्या पहाटे रान तुडवून टोपलीभर वेचल्या होत्या. अस्वलाच्याच रानात. घरी कैलाशने त्यांचा रस्सा दोनदा वाढून घेतला. प्रेमिलाला एक घास गिळवेना.

"काऊन? बरं वाटत नाही का?" त्याने विचारलं.

"पोट भरलं आहे," ती म्हणाली.

त्या आठवड्यात दारात लोकांची रीघ लागली. जो तो म्हणे, जंगलूसाठी केली तशी आमच्यासाठी करा. कोणी "बाई" म्हणून हात जोडले की तिला चपराक बसल्यासारखं होई. शेवटी ती पास्टरांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"प्रभूजवळ कबूल केलं ना? मग झालं," ते म्हणाले. "ती नवीन बाई आहे. तिचा विश्वास कशाला मोडता?"

ऐकायला गोड वाटलं. घरी येईपर्यंत तिने ते पटवूनही घेतलं. मग रोजच्यासारखी गुडघे टेकून बसली आणि "हे प्रभू" म्हणताच जिन्यावर बसलेली दुर्गा डोळ्यांपुढे आली. प्रेमिला उठली. दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड टाकून ती ऑटोने आणि पुढे चिखलातून चालत दुर्गाच्या गावी पोचली.

दुर्गा धानाच्या बांधीत रोवणं करत होती. जंगलू शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून भाताच्या रोपांच्या, पऱ्यांच्या, पेंढ्या फेकत होता. प्रेमिलाला पाहून दुर्गाचा चेहरा फुलला. "या ना बाई! येवढ्या चिखलात काऊन आल्या?"

प्रेमिला धुऱ्यावर उभी राहूनच बोलली. बसली असती तर धीर सुटला असता. "दुर्गा, मी तुझ्या माणसासाठी प्रार्थना केली नाही. करतो म्हटलं आणि विसरलो."

दुर्गा वाकलेली होती ती हळूहळू सरळ झाली. "एक दिवस बी नाही?"

"एक दिवस बी नाही."

"मंग त्या दिवशी सगळ्याईच्या समोर तू चूप काऊन होती?" दुर्गाच्या तोंडचं 'तुम्ही' गेलं ते तिथेच. "मी वेड्यावानी जिन्यावर बसून, प्रेमिलाबाई बोलून राहिली, प्रेमिलाबाई बोलून राहिली. अन् तू ब्लाऊज शिवून राहिली होती?"

"हो."

"अन् आता कायले सांगाले आली? तुले हलकं वाटावं म्हनून?"

जंगलू एका डोळ्याने आळीपाळीने दोघींकडे पाहत होता. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात दुर्गा म्हणाली, "मी सगळ्याईच्या समोर सांगितलं. तूबी तिथंच सांग. माह्या बांधीत नोको सांगू." आणि ती परत वाकून रोवायला लागली.

रविवारी प्रेमिला उभी राहिली. बायकांनी पदर सावरले. तिने झरझर नाही, अडखळत सांगितलं. कोणाचं काही झाकलं नाही, स्वतःचं तर नाहीच. पास्टर मान खाली घालून बसले होते. ढोलकवाला छताकडे पाहत होता. कोणी हालेलूया म्हटलं नाही.

सगळे बाहेर पडल्यावर म्हातारी सुमित्राबाई काठी टेकत तिच्यापाशी आली. "माह्या गुडघ्यासाठी करतो म्हनली होतीस वो. तेबी नाही का?"

"नाही, आजी."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तरीच," ती म्हणाली.

प्रेमिलाचा चेहरा तापला. सवयीने ओठांवर आलेलं "आजपासून करतो" तिने गिळलं आणि तिथेच फरशीवर बसून म्हातारीच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे मिटले, पण नेहमीचे शब्द येईनात. म्हातारी वाट पाहत उभी राहिली. "प्रभू, आजीचा गुडघा दुखतो," एवढंच प्रेमिला म्हणाली, आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

दुर्गा त्या रविवारी आली नव्हती. पुढचे काही रविवारही नाही. धान निसवायला लागलं तेव्हा एकदा जंगलूबरोबर आली, दाराजवळ बसली आणि गाणी संपताच उठून गेली. प्रेमिलाशी बोलली नाही. प्रेमिलाने हाक मारली नाही. मात्र आता रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ती दुर्गाचं नाव घेते, आणि ते कोणाला सांगत नाही.